कोसिवाची अठ्ठावीस मिनिटं

कोसिवाच्या चुलीवर मीठ चढत नाही, ही बातमी आमच्या गल्लीत फुटली ती तिच्या नवऱ्याच्या खिशातून. एका शनिवारी कुणाच्या तरी अंत्यविधीचं जेवण होतं. अर्धं अन्लोगा गाव काळे-तांबडे कपडे घालून मांडवाखाली बसलेलं. कोसिवाच्या नवऱ्याने, त्सात्सुने, मक्याच्या पिठाच्या अक्प्लेचा गोळा मोडला, भेंडीच्या कालवणात बुडवला आणि अगदी सवयीने खिशातली काडेपेटी काढून तिच्यातलं चिमूटभर मीठ वर भुरभुरलं. त्या कालवणात मीठ आधीच होतं, आणि यजमानांनी हात राखून घातलेलं नव्हतं. घास तोंडात गेला, त्सात्सुचे डोळे मिटले आणि उघडून बघतो तर सगळी पंगत त्याच्याकडे टक लावून बसलेली.

संध्याकाळपर्यंत तीन बातम्या तयार झाल्या. पहिली, नवरा-बायकोचं बिनसलंय आणि ती त्याला मुद्दाम अळणी घालतेय. दुसरी, तिने कुणा वैदूकडे जाऊन नवऱ्याला मुठीत ठेवायचं व्रत घेतलंय. तिसरी जरा चढी होती. खरी कोसिवा मागेच वारली आणि आता हिंडते-फिरते ती दुसरीच कुणीतरी आहे, कारण मेलेल्यांना मीठ सोसत नाही. या तिसऱ्या बातमीत थोडा हात माझाही होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. आणि बातमी तगली त्यात नवल ते काय? खाजण आटलं की आमच्या बायका हातांनी मीठ ओरबाडून पोतीच्या पोती भरतात. असल्या गावात एखादीने मीठ सोडणं म्हणजे कोळ्याने मासळी सोडण्यासारखं.

मी डोट्से. माझे कांद्याचे दहा वाफे आणि कोसिवाचे चौदा, मध्ये फक्त निवडुंगाचं कुंपण. गल्लीतले सगळे तिला दावी म्हणतात, थोरली बहीण म्हणून. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून नुसतं कोसिवा म्हणतो. ती मला एफो म्हणते, म्हणजे दादा, पण ज्या सुरात म्हणते त्यात मान कमी आणि दटावणी जास्त असते.

बाई उंच, काटकुळी. देवळात गाणाऱ्या बायकांत तिचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि भांडणातही तोच. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकाने कांदा दाबून पाहिला की म्हणायची, “दाबू नकोस बाई, त्याला अजून लग्न करायचंय.” पण तिचा खरा गुण निराळाच. एखादी गोष्ट तिला कळली नाही की ती तिला सोडत नाही. आपण थकतो, गोष्ट थकते, कोसिवा थकत नाही.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळी कथा पाण्याचीच आहे. आमच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजण, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर आम्ही आणि आमचा बारीक लाल कांदा. वाळूत दोन पुरुष खणलं की गोडं पाणी लागतं. पण ते गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर साय धरावी तसं धरलेलं असतं. हळू उपसलं तर साय येते. हावरेपणाने उपसलं की खालचं वर येतं.

आमच्या आया हे पाणी झारीने घालायच्या. दोन हातांत दोन झाऱ्या, विहिरीपासून वाफ्यापर्यंत आणि परत. एका वाफ्याला वीस झाऱ्या, हे पोरीबाळींनाही तोंडपाठ होतं. वाळूवर पाणी क्षणभर चमकून उभं राहिलं की हात थांबवायचा. तेवढ्यात माणूस दमायचं, आणि माणूस दमायचं म्हणून विहीर वाचायची.

मग वीज आली, बोअर आले, मोटरी आल्या, गरागरा फिरणारे फवारे आले. दमायचं कारणच उरलं नाही. मी खाटेवर पडून फवाऱ्याकडे बघायचो आणि म्हणायचो, असा नोकर आजोबांनाही मिळाला नव्हता. पण डोळा मात्र आम्ही जुनाच ठेवला. पाणी चमकून उभं राहिलं की बंद करायचं, हे डोक्यात बसलेलं. झारीचं पाणी धो धो पडतं, म्हणून उभं राहतं. फवाऱ्याचं पडतं भुरभुर, आणि वाळू ते पडताक्षणी गिळते. ते उभं राहणार कुठून? आणि आम्ही शहाणे वाट बघत बसायचो. अर्धा तास, तास, दीड तास. गल्लीत दीड तासाच्या आत मोटर बंद करणारा माणूस आळशी समजला जायचा.

त्या वर्षी वाळवंटाकडचा कोरडा वारा लवकर सुटला. ओठ फुटले, टाचा फुटल्या, आणि लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात कोसिवाच्या कांद्याच्या पातीची टोकं पांढरी पडली. तिला वाटलं, तहान. तिने मोटर दोन तास चालवली. टोकं आणखी जळाली. मग सकाळ-संध्याकाळ दोन दोन तास. आठवडाभरात दोन वाफे असे दिसायला लागले, जणू कुणी वरून गरम इस्त्री फिरवली.

तिची मुलगी एन्यो तिकडे आशायमान शहरात राहते, केंकी म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे करून विकते. तिचा फोन आला तेव्हा मी कुंपणापाशीच होतो. आवाज मोठा होता, ऐकू आलं. मी कान दिला नव्हता असं म्हणणार नाही.

“आई, किती वर्षं वाळूशी झुंजणार? विकून टाक वाफे आणि इकडे ये. मला केंकी बांधायला माणूस हवंच आहे.”

“हा कांदा निघू दे.”

“आणि नाहीच निघाला तर?”

“तर येते.”

ते चौदा वाफे तिच्या आईचे. आईने खाजणाकाठची माती टोपलीने वाहून, वटवाघळांची लेंडी आणि मासळीची कुटी घालून ती वाळू पिकती केलेली. कोसिवाने कधी शब्द फिरवला नव्हता. कांदा निघाला नाही तर ती खरंच गेली असती, आणि आशायमानच्या कुठल्याशा पत्र्याच्या खोलीत पानांत केंकी गुंडाळत बसली असती. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “ऐकून झालं असेल तर घरी जा, एफो.”

दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवर टांगलेली आईची झारी काढली. गंज घासला, तळाचं भोक डांबराने बुजवलं. एका वाफ्यात टोमॅटोच्या पेस्टचे सहा रिकामे डबे मांडले आणि जुन्या पद्धतीने वीस झाऱ्या पाणी घातलं. मी कुंपणावरून मान घातली.

“काय गं, डब्यांना पण पाणी पाजतेस?”

“यांना विचारतेय, आई किती पाणी घालायची ते.”

डब्यांत पाणी जमलं ते तर्जनीच्या नखाएवढं. एवढंच. तिने खिळ्याने प्रत्येक डब्यावर आतून ओरखडा काढला. मग त्याच वाफ्यात हात कोपरापर्यंत खुपसला. ओल टीचभर खाली गेली होती. कांद्याचं मूळ त्याच्याही वर संपतं. म्हणजे नखाएवढं पाणी कांद्याला पुरून उरत होतं.

“आता फवाऱ्याला नखाएवढं पाणी द्यायला किती वेळ लागतो, ते बघायचं,” ती म्हणाली. मला ते इतकं सोपं वाटलं की मी हसलो. सोपं होतंच. आमच्यापैकी कुणी केलं नव्हतं, एवढाच फरक.

घड्याळ होतं त्सात्सुच्या मनगटावर, म्हणून त्सात्सुला उलट्या बादलीवर बसवलं. हा माणूस सुतार. लाकूड हातात असलं की जागा, नसलं की झोपलेला. कोसिवाने मोटर सुरू केली आणि वाफ्यात जाऊन भिजत उभी राहिली.

“किती झाली?”

“बारा.”

बऱ्याच वेळाने, “आता?”

“बारा.”

“त्सात्सु, घड्याळ बंद पडलंय की तू?”

“मी जरा डोळे मिटून मोजत होतो.”

पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी माझी करमणूक चुकू नये म्हणून मी स्वतःच घड्याळ घेऊन बसलो. पण वेळ झाली होती दहाची, समुद्राचा वारा सुटलेला. खाजणाकडचे डबे भरून वाहिले आणि समुद्राकडचे कोरडे खडखडीत. वारा निम्मं पाणी उडवून शेजारच्याच्या निवडुंगाला घालत होता. निवडुंग माझाच होता, आणि तो त्या वर्षी फार माजला होता खरा.

मग पहाटे. वारा पडलेला, कोंबडे नुकते बोलायला लागलेले. चार फवारे एकदम सुटले. मी मिनिटं ओरडून सांगत होतो आणि ती एका डब्याकडून दुसऱ्याकडे वाकत जात होती. शेवटी सरळ उभी राहिली.

“किती?”

“अठ्ठावीस.”

“ओरखड्याला टेकलं.”

कुठे दीड तास आणि कुठे अठ्ठावीस मिनिटं. एवढी वर्षं कांदा पितो तेवढं पाणी पाजून झाल्यावर उरलेला तासभर आम्ही वाळूला पाजत होतो आणि खालचं खारं पाणी वर ओढत होतो.

पण पातीची टोकं अठ्ठावीस मिनिटांनीही पुरती सावरेनात. पाणी खारं कधी होतं ते पकडायला कोसिवा पाइपाच्या तोंडाशी बसायला लागली. एनॅमलचा कप घेऊन दर दोन मिनिटांनी एक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा. पहिल्या दिवशी तिला काही कळलं नाही. पहिलं पाणी आणि शेवटचं, तिला सारखंच लागलं. ती कप हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. मग उठून घरी गेली.

पुढचे पंधरा दिवस ती रोज येऊन तेच करत होती. आम्ही मात्र याच पंधरा दिवसांत काडेपेटीच्या बातमीवर पोट भरत होतो. बायका तिला वाट सोडायला लागल्या. गाण्याच्या वेळी तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली. तिने कुणाला जाब विचारला नाही. विचारला असता तर मी कुंपणापलीकडे सापडलोच असतो.

आणि सोळाव्या दिवशी तिने मला हाक मारली. “एफो, हे प्या. आता हे.”

मी दोन्ही कप प्यालो. “दोन्ही पाणीच.”

“दुसरं मचूळ आहे.”

“मला तर काही लागलं नाही.”

“तुम्हाला नाही लागायचं. सोळाव्या मिनिटाला बदलतं ते. पंधरापर्यंत गोडं येतं, मग खालचं चढतं.”

मी मनात म्हटलं, बाई आता पुरती गेली. पण ती हिशेब मांडून मोकळी झाली होती. कांद्याला हवी अठ्ठावीस मिनिटं, बोअर देतं पंधरा. म्हणून चौदा मिनिटं पहाटे, मग दिवसभर बोअरला विसावा द्यायचा, आणि सूर्य खाजणात उतरताना वारा मंदावला की उरलेली चौदा. अर्ध्या अर्ध्या जेवणासारखं. तीन दिवसांत तिच्या वाफ्यांत नवी पात फुटली, टोकापर्यंत हिरवी.

चौथ्या दिवशी ती माझ्या दारात उभी. मी न्याहारीला बसलो होतो.

“एफो, आज मोटर किती वेळ चालवलीत?”

“मन भरेपर्यंत.”

“माझ्या आधी चालवलीत. आज मला नवव्याच मिनिटाला मचूळ लागलं.”

“माझी मोटर, माझं बोअर. तुझी जीभ माझ्या बोअरमध्ये कशाला घालतेस?”

त्यावर माझी बायको अफी फिसकन हसली आणि आत गेली. कोसिवा हसली नाही. तिने आवाजही चढवला नाही, आणि मला खरं भय वाटलं ते त्याचंच. ती म्हणाली, “खालचं पाणी एकच आहे. तुम्ही ओढलंत की मला खारं येतं. मी ओढलं की तुम्हाला. माझा कांदा गेला तर मी आशायमानला जाईन. तुमचा जाईल तेव्हा तुम्ही कुठे जाणार?”

मी ताटलीतली गारी, भाजलेल्या कसाव्याचा रवा, चावत राहिलो.

“तुमचे दोन वाफे मला तीन आठवडे द्या,” ती म्हणाली. “पाणी मी माझ्या फवाऱ्याने घालीन. बाकीच्या आठांना तुम्ही घाला तुमच्या पद्धतीने. फक्त माझ्या आधी मोटर लावू नका.”

मी कबूल झालो. मोठ्या मनाने झालो असं गावात सांगितलं. खरं तर ती हरेल आणि मला वर्षभर पुरेल एवढा विनोद मिळेल, या हिशेबाने झालो.

तीन आठवड्यांत काय व्हायचं ते झालं. कुंपणालगतचे ते दोन वाफे हिरवे, पात सरळ, खाली गड्डे जोडीजोडीने फुगलेले. बाकीच्या आठांची टोकं पांढरी. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसत होतं. मी चार दिवस वाफ्यांवर मागच्या वाटेने जात होतो. पाचव्या दिवशी पाहतो तर त्सात्सु मागच्या वाटेवर बादली उलटी करून बसलेला.

“तिने पाठवलंय?” मी विचारलं.

“तिने फक्त विचारलंय, मोटर संध्याकाळी लावणार का. चौदा मिनिटं.”

“आणि काही टोमणा दिला नाही?”

“दिला होता. मी वाटेत विसरलो.”

हा माणूस आयुष्यात काही कामाचं विसरला असेल तर तेवढंच.

त्या दिवसापासून मी आठही वाफे तिच्या हिशेबाने भिजवले. पहाटे आधी ती, मग मी. हळूहळू पलीकडचे, त्यांच्या पलीकडचे. सगळ्या गल्लीच्या पाळ्या लागल्या. वेळ पाळायचं काम तिच्याचकडे आलं. दर पहाटे कुंपणापलीकडून आवाज येतो, “एफो, बंद करा.” मी म्हणतो, “केली गं.” केलेली नसते. ती म्हणते, “आवाज येतोय.” मग करतो. आमचा दिवस असा उजाडतो. ही हाक एखाद्या पहाटे आली नाही तर काय, हा विचार मी मनात येऊ देत नाही.

कांदा निघाला तेव्हा कोसिवाच्या चौदा वाफ्यांपैकी बारा भरून आले. पहिले जळलेले दोन गेले ते गेलेच. माझे दोन तिने पिकवलेले, आणि उरलेल्या आठांतूनही अर्धं तरी हाती आलं. ती वेळेवर आली नसती तर मला वाळू चाळत बसावं लागलं असतं. हे तिला मी तोंडावर कधी म्हटलेलं नाही. इथे लिहितो. कोसिवा, माझ्या ताटातला कांदा तुझा आहे.

एन्यो आशायमानहून आली ती काढणीच्या दिवशी. आईचं सामान भरायला दोन मोठ्या रिकाम्या पिशव्या घेऊन आली होती. बघतच राहिली. कोसिवाने पातीच्या जुड्या बांधता बांधता म्हटलं, “आलीस ते बरं झालं. त्या पिशव्या इकडे आण.” दोन्ही पिशव्यांत कांदा भरला, वर सुकी मासळी ठेवली आणि चौथ्या दिवशी मुलीला गाडीत बसवून दिलं. एन्यो खिडकीतून म्हणाली, “पुढच्या वर्षी विचारेन हं आई.”

“विचार. फोन महाग नाही.”

गाडी गेल्यावर कोसिवा थांब्यावरच्या झाडाखाली बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. मी जवळ जाऊन म्हटलं, “घाम आला वाटतं.” ती म्हणाली, “हो, एफो. घामच.” मी आयुष्यात पहिल्यांदा एक थट्टा अर्ध्यावर सोडली आणि तिच्या शेजारी बसलो.

राहता राहिली मिठाची गोष्ट. ती मला काढणीनंतर त्सात्सुने सांगितली, आणि मी ज्या ज्या घरी तिसरी बातमी पोचवली होती, त्या प्रत्येक घरी जाऊन ही सांगून आलो. लोकांना ती तेवढी आवडली नाही. रोज मीठ खाणाऱ्या जिभेला बोअरच्या पाण्यातलं थोडं मीठ कळत नाही. म्हणून कोसिवाने मीठ सोडलं होतं, आणि एका घरात दोन कालवणं कोण करणार, म्हणून नवऱ्यालाही अळणी मिळत होतं. पंधरा दिवसांत तिच्या जिभेला पाण्यातलं मीठ कळायला लागलं. अजूनही कोरड्या वाऱ्याच्या दोन महिन्यांत ती मीठ खात नाही.